नदीचं कॅलेंडर

मंगळवारी सकाळी माझे पती दाढी करताना पडले. मी शेजाऱ्यांना हाक मारली. आम्ही त्यांना रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि ते गेल्याचं सांगितलं. मी लातूरला दिराला फोन केला.

दुपारी दीर आणि जाऊ नांदेडला पोचले. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात, आणि ती लातूरजवळच्या घरच्या शेतात द्यायची हे कुणी न सांगताच ठरलेलं होतं. धोतर काढायला जावेनं आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं आणि ती तशीच उभी राहिली. कपाटाच्या दोन्ही दारांना आतून वरपासून खालपर्यंत देवांची चित्रं चिकटवलेली होती. गणपती, लक्ष्मी, महादेव, पुन्हा गणपती.

"अक्का," ती माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "देवाला हितं कोंडलंय व्हय?"

तिनं धोतर काढलं, दार लावण्याआधी चित्रांना हात लावून तो कपाळाला नेला, आणि बाहेर गेली. त्या दिवशी माझ्याशी बरेच लोक बरंच काही बोलले. त्यातलं हे एक वाक्य मला शब्दाला शब्द आठवतं.

ती चित्रं कपाटात कशी गेली हे सांगायचं तर मला देगलूरपासून सुरुवात करावी लागेल.

माझे वडील देगलूरला शाळेत शिक्षक होते. नव्या वर्षाला बाजारातल्या दुकानांतून कॅलेंडरं यायची. वर मोठं चित्र, खाली महिन्यांची टाचलेली पानं, आणि दोन्हींच्या मधल्या पट्टीवर दुकानाचं नाव. वडील कॅलेंडर टेबलावर ठेवत, फूटपट्टी लावत आणि ब्लेडनं वरचं चित्र कापून काढत. तारखा भिंतीवर लागत. चित्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही भावंडं गणितं सोडवायचो. 'भडक' हा वडिलांचा शब्द होता. तो चित्रांना लागायचा, शेजारच्यांच्या पडद्यांना लागायचा, वरातीतल्या बँडला लागायचा. ते कधी रागावून म्हणत नसत. शुद्धलेखनाची चूक दाखवावी तसं म्हणायचे. आमच्या घरात फारसं काही नव्हतं, पण भडक काय ते आम्हाला कळत होतं, आणि त्या कळण्याचा आम्हाला अभिमान होता.

लग्न होऊन मी लातूरला गेले तेव्हा पहिल्याच जानेवारीत सासूबाई कात्री घेऊन बसलेल्या दिसल्या. पुढ्यात सरत्या वर्षाचं कॅलेंडर होतं. त्यांनी खालच्या तारखा कापून बाजूला टाकल्या आणि चित्र मांडीवर घेऊन हातानं सपाट केलं. ते चौकटीत बसवायला द्यायचं होतं.

"अव्वा, तारखा तशा कामाच्या असतात," मी म्हणाले. "मागचं कधी बघावं लागतं."

"तारखा सरल्या की," त्या म्हणाल्या. "देव कुठं सरतोय?"

आमच्या सासरचं मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीचं दुकान आहे. शेतकरी माल आणतात, दुकानासमोर ढीग लागतात, सौदे होतात. दरवर्षी दुकानाच्या नावाचं कॅलेंडर छापून ते येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला द्यायचं, ही सासऱ्यांनी लावलेली पद्धत. त्यातली खुबी मला नंतर कळली. ज्या कॅलेंडरवर देव असतो ते खेड्यात कुणी फेकत नाही. वर्ष संपलं की तारखा जातात, पण चित्र आणि त्याखालचं दुकानाचं नाव भिंतीवर राहतं. एकदा शिरूर अनंतपाळकडे एका लग्नाला गेलो होतो, तर त्या घरात आमच्या दुकानाची नऊ वर्षं ओळीनं लावलेली होती.

चित्र निवडण्याचं काम माझ्या पतींचं. कॉलेजात असल्यापासून तेच निवडायचे. पुढे त्यांना पाटबंधाऱ्याच्या कचेरीत नोकरी लागली, आम्ही नांदेडला आलो, दुकान धाकट्या भावानं सांभाळलं. दुकानातलं त्यांचं सगळं काम सुटलं. एवढं मात्र सुटलं नाही. दसऱ्याच्या आधी प्रेसवाल्याचा नमुन्यांचा आल्बम एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती नांदेडला यायचा. ते दोन-तीन संध्याकाळी जमिनीवर बैठक मारून त्याची पानं उलटायचे. मी खुर्चीत पुस्तक घेऊन बसलेली असायची.

"तोंड बघून निवडायचं नसतं," एकदा ते म्हणाले. "तोंड सगळेच चांगलं काढतात. हात बघायचे."

मी पुस्तकातून डोकं वर काढून "हं" म्हणाले. ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

मी नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. आमच्या हॉलमध्ये तीन रेखाटनं आहेत, तिन्ही काळ्या शाईतली. एका प्रदर्शनात विद्यार्थ्यांनी काढलेली, मी हौसेनं घेतली. एकात पानं नसलेलं झाड, एकात आड, एकात नुसती भिंत. लग्नानंतर चार वर्षांनी नांदेडला पहिलं घर लावलं तेव्हा त्यांनी त्या वर्षाची लक्ष्मी आणली आणि हातात धरून हॉलभर नजर फिरवली.

"हॉलमध्ये नको," मी म्हणाले.

"भडक हाय?"

"हो."

त्यांनी चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते आत गेले. थोड्या वेळानं चिकटपट्टी फाडल्याचा आवाज आला. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. दरवर्षी एक चित्र कपाटाच्या दारात जायचं. सकाळी शर्ट काढताना त्यांना ती सगळी दिसायची. मला ती दिसायची नाहीत, कारण माझ्या साड्या दुसऱ्या कपाटात होत्या. पाहुणे आले की ते माझ्या झाडाकडे बोट दाखवून म्हणायचे, "हे आमच्या बाईसाहेबांचं झाड. वाळून गेलंय. मी रोज पाणी घालून राहिलोय, पण पान काही फुटंना." पाहुणे हसायचे. मीही हसायचे. भिंती मी घेतल्या होत्या, त्यामुळे मला हसायला काही अडचण नव्हती.

एका वर्षी ते लातूरहून आले ते कॅलेंडरांचा जाड गठ्ठा घेऊन. एक उलगडून त्यांनी जेवायच्या टेबलावर पसरलं आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. चित्रात देव नव्हता. एक नदी होती, घाटाच्या पायऱ्या, धुकं आणि कडेला बांधलेली एक होडी. रंग राखाडी आणि फिका निळा.

"हे कुणी निवडलं?" मी विचारलं.

ते वाट्या सारख्या करत होते. "धाकट्यानं," म्हणाले. "कसं हाय?"

"पोस्टकार्डावर असतात तसं आहे. कुठलंही." मी कागद बोटांत धरून पाहिला. "कागद मात्र छान जाड आहे."

"हाव," ते म्हणाले, "कागद चांगला हाय."

मग म्हणाले, यंदा बरीच उरलीत, तुझ्या ग्रंथालयात लागली तर घेऊन जा. मी नेली. ग्रंथालयात पुस्तकाच्या मागच्या पाकिटात घालायच्या चिठ्ठ्यांसाठी आम्हाला जाड कागद नेहमी कमी पडायचा. मी फूटपट्टी लावून, ब्लेडनं, वरची चित्रं कापली. तारखांचा भाग एक माझ्या टेबलामागे टांगला, बाकीचे कार्यालयात वाटले. चित्रांच्या चिठ्ठ्या केल्या, मागची कोरी बाजू लिहायला. तेव्हा वडील आठवले असं मी म्हणू शकले असते, पण ते खरं नाही. मला कुणीच आठवलं नाही. मी काम करत होते.

माझे पती गेल्यावर पहिला महिना लातूरहून रोज फोन यायचा. मग दोन दिवसांनी, मग आठवड्यानं. "वैनी, जेवलात का?" दीर विचारायचे. मी हो म्हणायचे. पुढे दोघांनाही काही सुचायचं नाही. यात त्यांचा दोष नव्हता. आम्हाला मूल नाही. लातूरला मी जायचे ती पतींसोबत, आणि तिथे बोलणं व्हायचं ते त्यांच्यातून. आता मी त्या घराची कोण, हे मला नीट कळत नव्हतं. दिरांनाही कळत नसावं. माणसं वाईट नसतानाही नाती अशी बारीक होत संपतात, हे मी इतरांच्या बाबतीत पाहिलेलं होतं.

दसऱ्याला पंधरा दिवस असताना दीर स्वतः आले. कापडी पिशवीतून त्यांनी आल्बम काढला आणि टीपॉयवर ठेवला.

"कॅलेंडर बंद करावं म्हणतोय," ते म्हणाले. "आता तारीख मोबाइलमधी हाय. कोण बघतंय? अण्णांची हौस होती म्हणून चाललं होतं." थोरल्या भावाला ते अण्णा म्हणायचे. त्यांनी चहाचा एक घोट घेतला. "पण ह्या घरी विचारल्याबगर बंद कसं करावं? तुम्ही निवडलं तर छापू. न्हाई म्हणलात तर राहू द्या. जबरदस्ती न्हाई."

मी आल्बमकडे पाहत राहिले. ते कॅलेंडरबद्दल बोलत होते. पण मी नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी त्यांना या घरी यायला काय कारण उरेल, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

"मला त्यातलं काही कळत नाही, भावजी."

"कळायला काय लागतंय? देव असला म्हंजी झालं." मग ते हसले. भाऊ गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "फक्त अण्णांसारखी नदी नका निवडू."

"ती तर तुम्ही निवडली होती ना?"

"मी?" त्यांनी कप खाली ठेवला. "मी कशाला निवडू वैनी? मी तर फोनवर भांडलो. म्हणलं, अण्णा, देव कुठं हाय ह्याच्यात? तर म्हणले, एक वर्ष देवाला सुट्टी. म्हणलं, गिऱ्हाईक काय म्हणंल? तर म्हणले, आमच्या घरी बी एक गिऱ्हाईक हाय, तिच्या भिंतीवर आपल्या दुकानाचं एक बी चित्र न्हाई. एक वर्ष तिच्या डोळ्यानं घिऊन बघू."

मी हॉलच्या भिंतीकडे पाहिलं.

"लई बोलणी खाल्ली त्यांनी त्यापायी. लोकांनी त्याच्यात भाकरी बांधल्या, पोरांच्या वह्यांना कव्हरं घातली. आमचा मापाडी तर अण्णा दिसले की विचारायचा, अण्णा, नदीला पाणी हाय का आटली? पाच वर्षं चिडवलं त्यानं."

"मग ते काय म्हणायचे?"

"काय म्हणणार? हसायचे."

"मला म्हणाले, तुम्ही निवडली."

दीर आल्बमचा कोपरा बोटानं सरळ करत म्हणाले, "मंग तुम्हाला आवडली नसंल."

आल्बम त्यांनी परत घेतला. मी लातूरला येऊन दुकानात बघीन, असं मीच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले. निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली आहेत. माझ्या जागेवरच्या बाई माझ्याच हाताखाली शिकलेल्या. जुन्या चिठ्ठ्या बघायच्या आहेत म्हटल्यावर त्यांनी का ते विचारलं नाही, नुसतं स्टूल आणून दिलं. दोन दिवस मी पुस्तकांच्या मागची पाकिटं उघडत होते. सारखी बाहेर जाणारी पुस्तकं केव्हाच नव्या चिठ्ठ्यांवर गेली होती. ज्यांना कुणी हात लावला नव्हता, त्यांच्यात नदी शिल्लक होती. कुठे पाण्याचा तुकडा, कुठे पायरी. एका चिठ्ठीवर होडीचा अर्धा भाग मिळाला. ब्लेड होडीच्या मधोमध गेलं होतं. कापलेली कड अगदी सरळ होती. माझा हात चांगला आहे.

घरी येऊन मी कपाटाची दोन्ही दारं उघडली आणि समोर स्टूल ठेवून बसले. इतक्या वर्षांत मी ती चित्रं एकामागून एक अशी पाहिली नव्हती. प्रथम नुसते रंगच दिसले, आणि वडिलांचा शब्द आपोआप आला. तो थोडा वेळ तसाच राहू दिला. मग मी हात बघू लागले. लक्ष्मीनं कमळाचा देठ खरंच धरला होता, अंगठा आणि दोन बोटांत, हलकासा. गणपतीच्या तळहातावर मोदक होता आणि त्याच्या वजनानं हात किंचित खाली गेला होता. पार्वतीचा हात महादेवाच्या गुडघ्यावर होता, बाजूला बसलेल्या माणसाला 'थांबा जरा' म्हणताना ठेवावा तसा. बाजारात मिळणाऱ्या चित्रांत वस्तू हाताला नुसत्या चिकटवलेल्या असतात, ते मला त्यानंतर सगळीकडे दिसायला लागलं. कपाटातल्या एकवीस चित्रांत तसं एकही नव्हतं. त्यांची निवड माझ्याइतकीच कडक होती. सव्वीस वर्षं मी एका चोखंदळ माणसाबरोबर राहिले, आणि आपल्या घरात आवडनिवड असलेली मी एकटीच आहे असं समजत होते.

लातूरला गेले तेव्हा सोयाबीनचा हंगाम होता. दुकानासमोर ढीग लागलेले, हवेत धूळ. दिरानं बैठकीवर आल्बम मांडला. मापाडीमामा आता वजन करत नाहीत, पण रोज येऊन पोत्यावर बसतात. त्यांनी मला बसल्या जागेवरून हात जोडले.

मी पानं उलटत गेले. आधी माझ्या पतींनी ज्याला हो म्हटलं असतं असं चित्र मी शोधत होते. एक महादेव बरा वाटला. हात चांगले होते.

"हे बघा, यांनी घेतलं असतं ना?"

दीर वाकले. "घेतलं असतं बी, न्हाई बी. काय सांगावं? त्येंचं त्येंना ठावं."

ते खरं होतं. मी महादेव तसाच ठेवून पुढे गेले. आल्बमच्या शेवटी, जिथवर सहसा कुणी येत नाही तिथे, एक चित्र होतं. दगडी नंदी, पाठमोरा बसलेला, समोर गाभाऱ्याचा अंधार आणि त्यात एक दिवा. कडेनं एका बाईचा नुसता हात आत आलेला, नंदीच्या पाठीवर बेलाचं पान ठेवणारा. बाई दिसत नव्हती. रंग दगडाचे. पान ठेवताना बोटं जराशी वर उचललेली होती, पान हलू नये म्हणून.

"हे," मी म्हणाले.

दिरानं आल्बम उजेडाकडे धरला. "वैनी, ह्यात महादेव कुठं हाय?"

मापाडीमामा पोत्यावरून उठून आले. डोळे बारीक करून त्यांनी बराच वेळ पाहिलं. "नंदी जिकडं बघतोय तिकडं," म्हणाले. "अन् कुणबी मानूस बैलाला फाडून भाकर बांधणार न्हाई. छाप तू."

"अण्णांनी घेतलं असतं का ह्ये?" दिरानं त्यांना विचारलं.

"अण्णानं न्हाई घेतलं. हिनं घेतलंय," मामा म्हणाले, आणि परत पोत्यावर जाऊन बसले.

त्या रात्री मी लातूरलाच राहिले. जेवताना मी जावेला कपाटाबद्दल सांगितलं, जसं घडलं तसं. हॉलमध्ये नको कोण म्हणालं, तेही सांगितलं. ती भाकरी थापत ऐकत होती.

"मी त्या दिवशी बोलायला नव्हतं पायजे अक्का," ती म्हणाली.

"बरोबरच बोललीस."

"पर अण्णा रोज उघडून बघायचे की," ती म्हणाली. "देव्हाऱ्यातल्या देवाला तरी कोण एवढं बघतंय?" आणि तव्यावरची भाकरी तिनं माझ्या ताटात टाकली.

जानेवारीत कॅलेंडरं वाटली गेली. जावेचा फोन आला. दोघं-चौघं म्हणाले देव लहान झाला, पण नेलं सगळ्यांनी. उरलं नाही. यंदा वह्यांना कव्हर घालता येणार नाही म्हणून मापाडीमामा पोरांची कीव करत होते. मग फोन दिरानं घेतला. म्हणाले, पुढच्या दसऱ्याला आल्बम मी आणू की तुम्ही याल? मी येते म्हणाले.

कपाटातले शर्ट मी देऊन टाकले आहेत. दारांतली चित्रं काढलेली नाहीत. बाहेर हॉलमध्ये लावावीत असं एकदा वाटलं होतं, पण ती त्यांनी जिथे लावली तिथे राहू दिली, आणि माझ्या साड्या त्या कपाटात नेल्या. हॉलमध्ये झाड, आड आणि भिंत यांच्या शेजारी नंदीचं कॅलेंडर आहे. नदीचे अकरा तुकडे मिळाले. ते एकमेकांना जुळत नाहीत. मी ते एका पाकिटात ठेवले आहेत.